मातीत विष किती ते मोजतो, पण माती काम करतेय का ते कोण मोजणार?

जमीन दूषित आहे की नाही हे ठरवायची आपली पद्धत साधारण एकच आहे. मातीचा नमुना काढायचा, लॅबला द्यायचा, कॅडमियम किती, शिसं किती, तांबं किती, कुठल्या कीटकनाशकाचा अंश राहिलाय का हे आकडे आले की तक्त्यातल्या मर्यादेशी ताडून बघायचे आणि सगळे आत निघाले की जमीन ठीक आहे म्हणून फाईल बंद. मला हे अजिबात पटत नाही. माती म्हणजे रसायनं साठवायचं भांडं नाहीये, तिथे चोवीस तास काम चालू असतं, एका ग्रॅम मातीत अब्जावधी सूक्ष्मजीव असू शकतात, त्यांच्या हजारो जाती, आणि हे सगळे मिळून पाला कुजवतात, हवेतला नत्र पकडतात, त्याचं रूप बदलतात, जास्तीचा परत हवेत सोडतात. त्या रिपोर्टमध्ये या कामाबद्दल एक ओळही नसते. म्हणजे विष किती आहे ते कळतं, पण त्याने काम थांबलंय का, मंदावलंय का, ते कळतच नाही.

माझी मागणी एवढीच आहे की कुणी जमीन सुरक्षित आहे म्हणत असेल तर तिथलं नत्राचं चक्र नीट फिरतंय हे त्याने मोजून दाखवावं. नत्रच का, तर रसायनांचा मार बसला की मातीतल्या कामांपैकी आधी लंगडणाऱ्या कामांमध्ये हे काम असतं.

चक्र शाळेत सगळ्यांनी शिकलेलं असतं, पण त्यातलं कोण दणकट आणि कोण नाजूक हे तिथे कुणी सांगत नाही. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने असे घट्ट जखडलेले असतात की झाडाला तो थेट वापरता येत नाही. तो बंध तोडायचं काम ठरावीक जिवाणूच करतात, शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठीत राहणारं रायझोबियम, मोकळं राहणारं अॅझोटोबॅक्टर, काही नील-हरित शेवाळं. त्यांच्याकडे नायट्रोजिनेज नावाचं एन्झाइम असतं आणि हे काम इतकं महागडं आहे की नायट्रोजनचा एक रेणू फोडायला पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचे निदान १६ रेणू खर्ची पडतात, वर ऑक्सिजन लागला की एन्झाइम खराब. मग दुसरी पायरी कुजण्याची, मेलेल्या झाडापाल्यातून, मुळांतून, सूक्ष्मजीवांच्या शरीरातून अमोनियम सुटं होतं, आणि हे काम मात्र जवळजवळ कुणीही करतं, शेकडो जातींचे जिवाणू आणि बुरश्या, एक मेली तर दुसरी हजर.

तिसरी पायरी म्हणजे अमोनियमचं नायट्रेट करणं, नायट्रिफिकेशन. इथे खरी अडचण आहे कारण हे काम येणारे गट मोजके आहेत. विनोग्राडस्कीने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे काढले आणि त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं आपण असंच धरून चाललो की अमोनियाचं नायट्राइट करणारे एक आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे दुसरे. २००५ मध्ये कळलं की हे काम आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखेच दिसणारे पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीवसुद्धा करतात, २०१५ मध्ये कळलं की दोन्ही पायऱ्या एकटाच पार पाडणारा जिवाणूही आहे, नायट्रोस्पायरा गटातला. म्हणजे ज्या कामावर सगळ्या जगाच्या शेतीचं नत्राचं गणित उभं आहे ते करणारे नेमके कोण याचीच ओळख आपल्याला अजून पुरती होतेय, आणि तोपर्यंत आपण जमिनीत हजारो प्रकारची रसायनं ओतून बसलोय. चौथी पायरी डिनायट्रिफिकेशन, नायट्रेटचा परत वायू होणं, तिच्याकडे पुढे येतो.

नायट्रिफिकेशनवाले नाजूक का, तर त्यांना अमोनियातून ऊर्जाच फार थोडी मिळते आणि तेवढ्यावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीर बांधावं लागतं. म्हणून ते फार सावकाश वाढतात, कुजवणारे जिवाणू अर्ध्या-एक तासात दुप्पट होऊ शकत असतील तर यांना एखादा दिवस किंवा त्याहूनही जास्त लागतो. त्यात त्यांचं मुख्य एन्झाइम, अमोनिया मोनोऑक्सिजिनेज, पेशीच्या पडद्यात बसलेलं असतं, त्याला तांबं लागतं आणि अमोनियासारखे बरेच दुसरे रेणूही त्यात जाऊन अडकतात. ॲसिटिलीन वायूचा थोडासा अंशसुद्धा ते बंद पाडतो, प्रयोगशाळेत तो मुद्दाम याचसाठी वापरतात. थोडक्यात, मोजके, हळू वाढणारे आणि एकाच कुलपावर अवलंबून असलेले जीव, त्यांच्यावर घाव बसला की भरून यायला वेळ लागतो.

आता वोबर्नची गोष्ट सांगतो कारण या विषयात याच्याइतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन संस्थेचं वोबर्नला एक शेत होतं, तिथे १९४२ ते १९६१ पर्यंत भाजीपाल्याच्या काही प्लॉटमध्ये सांडपाण्याचा गाळ खत म्हणून घातला आणि शेजारच्या प्लॉटमध्ये शेणखत. हेतू चांगलाच होता, सेंद्रिय पदार्थ वाढावा. पण गाळासोबत जस्त, तांबं, निकेल, कॅडमियम हे सगळं मातीत आलं, आणि धातू कुजत नाहीत, विघटन पावत नाहीत, ते तिथेच राहतात. गाळ घालणं थांबवून वीसेक वर्षं झाल्यावर, १९८० च्या दशकात, तिथल्या माणसांनी मातीतले सूक्ष्मजीव मोजले तर गाळवाल्या प्लॉटमध्ये त्यांचं एकूण वस्तुमान शेणखतवाल्या प्लॉटच्या साधारण निम्मं निघालं. वीस वर्षांनंतर!

पुढचं तर याहून महत्त्वाचं. त्या मातीत पांढरं क्लोव्हर लावलं, हे शेंगवर्गीय चारापीक आहे. शेणखताच्या प्लॉटमध्ये मुळांवर मोठ्या गुलाबी गाठी आल्या, म्हणजे आत नत्र पकडणं व्यवस्थित चालू. गाळाच्या प्लॉटमध्येही गाठी आल्या पण बारक्या आणि निकामी, त्यात नत्र पकडलाच जात नव्हता. शोध घेतल्यावर असं दिसलं की धातूंच्या त्या मातीत रायझोबियमच्या एवढ्या वाणांपैकी नत्र न पकडणारा वाणच तेवढा टिकला होता, बाकीचे संपले. शास्त्रज्ञांनी बाहेरून चांगलं रायझोबियम भरपूर प्रमाणात रोपासोबत सोडलं तर गाठी चांगल्या आल्या, पण तेच रायझोबियम रोप न लावता दोन महिने नुसतं मातीत ठेवलं तर मेलं. म्हणजे गाठीच्या आत त्याला आसरा मिळतो, मोकळ्या मातीत मिळत नाही, आणि पिकांच्या दोन हंगामांमध्ये तर त्याला मोकळ्या मातीतच दिवस काढायचे असतात.

आणि हे सगळं कुठल्या पातळीला घडलं? युरोपने १९८६ च्या निर्देशात गाळासाठी मातीतल्या धातूंच्या ज्या मर्यादा घातल्या त्यांच्या आसपासच. झाडाला त्या पातळीला उघड विषबाधा दिसत नव्हती, जनावरांच्या खाण्याचा हिशोब केला तरी आकडे बसत होते, कारण मर्यादा ठरवताना विचार झाला होता तो पीक, जनावर आणि माणूस यांचाच. मातीतले जिवाणू त्या टेबलावर नव्हतेच. नंतर वोबर्नसारख्या पुराव्यांवरून ब्रिटनमध्ये १९९३ च्या तज्ज्ञ समितीने जस्ताची मर्यादा किलोला ३०० मिलिग्रॅमवरून २०० वर आणायची शिफारस केली. म्हणजे जिवाणूंच्या कामावरून मर्यादा ठरवता येते, एकदा करून झालंय, हे कुणाच्या कल्पनेतलं नाहीये. फक्त ते अपवाद म्हणून राहिलं, नियम झालं नाही.

धातूंचं एक झालं, कीटकनाशकांचा प्रकार वेगळा आहे, तिथे जिवाणू मरायचीही गरज नसते. शेंगवर्गीय पीक मुळातून ल्युटिओलिनसारखे फ्लॅव्होनॉइड, म्हणजे खुणेची रसायनं सोडतं, रायझोबियम तो निरोप ओळखतं आणि उलटा निरोप पाठवतं, मग गाठ बनायला सुरुवात होते. २००७ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांनी लसूणघासावर दाखवून दिलं की डीडीटी, मिथाइल पॅराथिऑन, पेंटाक्लोरोफेनॉल अशी काही रसायनं या निरोपाच्याच आड येतात, गाठी कमी येतात, उशिरा येतात, नत्र कमी पकडला जातो. रोप जिवंत, जिवाणू जिवंत, पण दोघांची गाठच पडत नाही. रसायनाचा अंश मोजणाऱ्या रिपोर्टमध्ये हे कसं दिसणार, आणि जिवाणूंची नुसती संख्या मोजली तरी कसं दिसणार? हे फक्त काम मोजलं तरच दिसतं.

काहीजण म्हणतील की नत्र तर आपण मोजतोच, माती परीक्षणात उपलब्ध नत्राचा आकडा असतोच. असतो, पण तो आकडा अशा वेळी उलटा फसवतो. मातीतले सूक्ष्मजीव मारले की त्यांच्या शरीरातलाच नत्र मोकळा होतो, उरलेले दणकट जीव त्या मेलेल्यांवर ताव मारतात आणि काही दिवस मातीत उपलब्ध नत्र वाढलेला दिसतो. हे इतकं पक्कं आहे की १९७६ मध्ये जेंकिन्सन आणि पॉलसन यांनी यावरूनच सूक्ष्मजीवांचं वस्तुमान मोजायची पद्धत काढली, मातीला क्लोरोफॉर्मची धुरी द्यायची, सगळे मारायचे आणि मग जे उसळून बाहेर येतं त्यावरून आधी किती जिवंत होते ते काढायचं. मातीत फ्युमिगंट, म्हणजे जंतू-किडी मारणारा विषारी वायू सोडतात तिथेही हेच होतं, अमोनियम साचतं कारण कुजवणारे परत येतात पण अमोनियमचं नायट्रेट करणारे आठवडेच्या आठवडे परतत नाहीत. म्हणजे आज नत्र जास्त दिसतोय याचा अर्थ काल तिथे कत्तल झाली असाही असू शकतो. साठ्याचा आकडा आणि चक्राचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण पहिलीच मोजत राहतो.

मग नवीन कीटकनाशकाला परवाना देताना जिवाणूंचा विचार होतो की नाही? होतो, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ओईसीडी या प्रामुख्याने प्रगत देशांच्या संघटनेची २१६ नंबरची टेस्ट आहे, २००० सालची, खास मातीतल्या नत्राच्या रूपांतरासाठी. मातीत लसूणघासाची पूड मिसळतात, एका भागात रसायन घालतात, एका भागात नाही, आणि २८ दिवसांनी दोन्हीकडे नायट्रेट किती बनलं ते बघतात. फरक २५ टक्क्यांच्या आत असला की दीर्घकालीन परिणाम नाही असं धरतात, जास्त असला तर टेस्ट १०० दिवसांपर्यंत लांबवतात. टेस्ट बनवणारी माणसं बेफिकीर नव्हती, माती मुद्दाम वाळूची आणि कमी सेंद्रिय कर्बाची घ्यायला सांगितली आहे म्हणजे रसायन मातीला चिकटून निष्प्रभ होणार नाही, आणि शेतात अपेक्षित असेल त्याच्या पाचपट मात्रेलाही तपासायला सांगितलंय. हे चांगलं आहे.

पण या टेस्टमधून काय काय निसटतं ते बघा. एक तर ती शेवटचं नायट्रेट मोजते, मधल्या पायऱ्या कुणी केल्या, किती जणांनी केल्या याच्याशी तिला घेणं नाही, अमोनिया खाणाऱ्यांमधला निम्मा गट उडाला आणि उरलेल्यांनी २८ दिवसांत भरून काढलं तर निकाल पास. नत्र पकडणाऱ्यांकडे आणि मुळांवरच्या गाठींकडे ती बघतच नाही. डिनायट्रिफिकेशन तर पूर्णच बाहेर. दुसरं म्हणजे २५ टक्क्यांच्या आतला फरक एकदा आला तर सोडून देता येईल, पण तेच रसायन दरवर्षी, वर्षातून चार वेळा पडणार असेल तर? आणि तिसरं, मला सगळ्यात खटकणारं, टेस्टसाठी घेतलेल्या मातीवर आधीचं निदान एक वर्ष कुठलंही पीक संरक्षणाचं रसायन पडलेलं नसावं अशी अट आहे. लॅबच्या दृष्टीने अट बरोबर आहे, एकाच रसायनाचा परिणाम स्वच्छ दिसायला हवा. पण खऱ्या शेतात अशी माती असते कुठे?

२०१९ मध्ये युरोपातल्या ११ देशांतल्या शेतजमिनींचे ३१७ नमुने तपासले होते, त्यातल्या ८३ टक्के नमुन्यांत एका तरी कीटकनाशकाचा अंश सापडला आणि निम्म्याहून जास्त नमुन्यांत एकापेक्षा जास्त रसायनांचं मिश्रण होतं, तीही १६६ वेगवेगळी मिश्रणं. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या १०० शेतांचा अभ्यास आला, त्यात वीस वर्षं सेंद्रिय शेती केलेल्या जमिनींतही जुन्या रसायनांचे अंश निघाले. म्हणजे जे तपासलं जातं ते एक एकटं रसायन, कोऱ्या मातीत, चार आठवडे, आणि जे प्रत्यक्ष घडतं ते अनेक रसायनं, आधीच मार खाल्लेल्या मातीत, वर्षानुवर्षं. त्या मिश्रणात धातू आले, जनावरांना दिलेली अँटिबायोटिक शेणावाटे येतात ती आली, सल्फा गटातली अँटिबायोटिक तर नायट्रिफिकेशन मंदावतात असं दिसलंय, कपड्यांतली नॅनो-चांदी गाळात उतरते ती आली. यातलं प्रत्येक स्वतंत्रपणे मर्यादेत असू शकतं आणि तरी एकत्र मिळून त्या मोजक्या जिवाणूंचं जगणं अवघड करू शकतं. मिश्रणाला परवाना कुणी देत नाही, म्हणून मिश्रणाची जबाबदारीही कुणाची नाही.

यावर एक आक्षेप मला खरंच वजनदार वाटतो. नायट्रिफिकेशन मंदावण्यात वाईट काय, शेतकरी तर पैसे देऊन नायट्रिफिकेशन थांबवणारी रसायनं खतात घालतात, नायट्रापायरिन १९६० च्या दशकापासून आहे, डीसीडी आहे, डीएमपीपी आहे, कारण नायट्रेट पाण्याबरोबर वाहून जातं आणि अमोनियम मातीच्या कणांना धरून राहतं. हे खरंय. जगभरात पिकांना दिलेल्या नत्रातला जेमतेम निम्मा पिकात जातो, बाकीचा विहिरी-नद्यांत आणि हवेत, आणि पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर तान्ह्या बाळांना धोका असतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ती मर्यादा घातलीये. ठरवून, काही आठवड्यांपुरतं, किती मात्रेने किती दिवस थांबेल हे माहीत असताना नायट्रिफिकेशनला ब्रेक लावणं मला मान्य आहे. पण दूषित जमिनीत ब्रेक कुणी ठरवून लावलेला नसतो, तो किती लागलाय हे माहीत नसतं, कधी सुटणार हे माहीत नसतं, आणि अमोनियम साचलं आणि मातीचा सामू (पीएच) जास्त असला तर तोच नत्र अमोनिया वायू होऊन उडून जातो. शिवाय ठरवून लावलेल्या ब्रेकचंही सगळं माहीत असतं असं नाही, न्यूझीलंडमध्ये २०१३ च्या जानेवारीत डीसीडीची विक्री थांबवावी लागली, दुधाच्या पावडरीत त्याचे अंश सापडले म्हणून, आणि तेव्हा त्यासाठी कुठली आंतरराष्ट्रीय मर्यादाच ठरलेली नव्हती.

दुसरा आक्षेप, निसर्ग सावरतो. हेही काही अंशी खरं आहे आणि ते लपवून माझा मुद्दा मोठा होणार नाही. २००९ मध्ये जस्ताने दूषित केलेल्या जमिनीवरचा तीन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात नायट्रिफिकेशन आधी कोसळलं आणि मग दोनेक वर्षांत परत आलं, धातू सोसणारे जिवाणू वाढले आणि त्यांनी काम हातात घेतलं. पण परत आलेला समूह आधीपेक्षा कमी विविधतेचा होता. म्हणजे काम सुरू झालं पण पाठीमागे राखीव कुणी उरलं नाही, पुढच्या वेळी दुष्काळ, पूर, दुसरं रसायन असा वेगळा धक्का आला तर कोण सावरणार? आणि वोबर्नच्या रायझोबियमला तर चांगली वीसेक वर्षं मिळूनही ते सावरलं नव्हतं. काही कामं सावरतात, काही नाही, कुठलं कुठे सावरेल हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही, मग मोजायचं नाही हे कसं काय बरोबर?

इथे एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो, मी सगळी रसायनं वाईट आणि सेंद्रिय म्हटलं की चांगलं असं म्हणत नाहीये. ग्लायफोसेटवर एवढं रान उठतं, पण शिफारस केलेल्या मात्रेला मातीतल्या नत्राच्या चक्रावर त्याचा परिणाम बऱ्याच अभ्यासांत थोडा किंवा तात्पुरता निघालाय. उलट बोर्डो मिश्रण, १८८५ पासूनचं, सेंद्रिय शेतीतही चालणारं, त्यातलं तांबं द्राक्षबागांच्या मातीत पिढ्यानपिढ्या साचत गेलं, शेवटी युरोपला २०१८ मध्ये सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घालावी लागली. वोबर्नचा गाळही सेंद्रियच होता. आणि साधं रासायनिक खतसुद्धा बघा, अमोनियमचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, रोथॅमस्टेडच्याच पार्क ग्रासच्या प्रयोगात, जो १८५६ पासून चालू आहे, चुना न घालता वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट दिलेल्या प्लॉटचा सामू ४ च्या खाली गेला आणि गवत कुजेनासं होऊन त्याचा थर साचला. सामू उतरला की मातीत बांधलेलं ॲल्युमिनियम, कॅडमियम सुटतं आणि नव्या विषाचा थेंबही न टाकता जुनंच विष जास्त विषारी होतं. बाटलीवर लेबल कुठलं आहे यावरून काहीच ठरत नाही, मातीत काय झालं यावरूनच ठरतं.

आता ती चौथी पायरी. नायट्रेटचा वायू होताना तो नायट्रस ऑक्साइडच्या टप्प्यातून जातो आणि शेवटच्या पायरीला त्याचा निरुपद्रवी नायट्रोजन होतो. ही शेवटची पायरी करणारं एन्झाइमही तांब्यावर चालतं, कमी सामूला ते नीट घडतच नाही, काही धातूंनी ते अडतं, आणि बुरश्यांकडे तर ते नसतंच. म्हणजे दूषित, आम्लधर्मी झालेल्या जमिनीत चक्र शेवटच्या पायरीला अडखळायची शक्यता जास्त, आणि मग नायट्रस ऑक्साइड बाहेर निसटतो, जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो, वातावरणात शतकभर टिकतो आणि वर ओझोनचा थरही खातो. शेतीच्या उत्सर्जनावर एवढ्या परिषदा होतात, खत किती टाकलं यावर गुणाकार करून आकडे काढतात, पण ज्या मातीतून तो वायू निघतो तिथल्या जिवाणूंची अवस्था काय आहे हा प्रश्न त्या हिशोबात क्वचितच येतो. मला वाटतं ही आपली मोठी चूक चाललीये, कारण एक माणूस मातीचं प्रदूषण बघतो आणि दुसरा हवामान बघतो आणि दोघांच्या मधला जिवाणू कुणाच्याच खात्यात नाही.

खर्चाचं कारण नेहमी पुढे केलं जातं. सगळीकडे डीएनए सिक्वेन्सिंग करा असं मी म्हणत नाहीये. नायट्रिफिकेशनची क्षमता मोजायची साधी पद्धत आहे, आयएसओ १५६८५ म्हणून प्रमाणित झालेली, मातीत अमोनियम सल्फेटचं द्रावण मिसळायचं, क्लोरेट घालून नायट्राइटच्या पुढची पायरी अडवायची, २५ अंशाला हलवत ठेवायचं आणि दोन तासांनी व सहा तासांनी नायट्राइट किती साचलं ते रंगावरून मोजायचं. नायट्राइट असलं की गुलाबी रंग येतो, मोजायला साधा कलरीमीटर पुरतो. एका दिवसात निकाल. जी लॅब धातू मोजायचं महागडं मशीन चालवते तिला हे अवघड नाही. गाठींची तपासणी तर कुंडीत शेंगवर्गीय रोप वाढवून काही आठवड्यांनी गाठी चिरून रंग बघण्याइतकी सोपी आहे.

अवघड आहे ते वेगळंच, नॉर्मल किती हे ठरवणं. मातीमातीत फरक असतो, सामू, ओल, तापमान, ऋतू याने आकडे बदलतात, म्हणून एकच जागतिक मर्यादा इथे चालणार नाही हे मान्य. पण म्हणून मोजायचंच नाही असं होत नाही ना. त्याच प्रकारची, शेजारची, रसायन न पडलेली माती घेऊन तुलना करता येते, तीच जागा दरवर्षी त्याच हंगामात मोजली तर उतार दिसतो, आणि अशी नोंद आत्ता सुरू केली नाही तर दहा वर्षांनी तुलना करायला हातात काही नसेल. वोबर्नची गोष्ट कळली कारण शेजारी शेणखताचे प्लॉट जपून ठेवले होते आणि कुणीतरी वीस वर्षांनी परत जाऊन बघितलं.

तर परवान्याच्या टेस्टमध्ये अमोनिया खाणारे आणि गाठीतले जिवाणू स्वतंत्रपणे तपासले जावेत, कोऱ्या मातीसोबत आधीचे अंश असलेली खऱ्या शेताची मातीही घ्यावी, आणि परवाना दिल्यावर विषय संपला असं न मानता काही ठरावीक शेतांवर दरवर्षी नत्राचं काम मोजत राहावं. सांडपाण्याचा गाळ जमिनीत घालायचा असेल तर घालण्याआधी आणि नंतर तेच. दूषित जागा साफ केली असं जाहीर करताना धातूचा आकडा खाली आला एवढ्यावर भागू नये, तिथे नायट्रिफिकेशन परत सुरू झालंय का ते सोबत लिहावं. आणि याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी मारू नये, ज्याला ते रसायन किंवा तो गाळ जमिनीत घालायची परवानगी हवी आहे त्यानेच तो उचलावा, आकडे मात्र सगळ्यांना बघता येतील असे उघडे ठेवावेत, म्हणजे दहा-पंधरा वर्षांनी परवाना नूतनीकरणाला येईल तेव्हा सही करणाऱ्यासमोर लॅबमधल्या २८ दिवसांऐवजी शेतातली दहा-पंधरा वर्षं असतील.